वाडी आणि शेजार : गिरगावातील आपल्या वस्तीचा पूर्वेतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या वाडीविषयी काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम मनास संकोच वाटला. मी इतिहासाचा पंडित नव्हे. परंतु आयुष्याची पंचाहत्तर वर्षे ओलांडलेल्या मनुष्याने आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होणाऱ्या वस्तूची नोंद करून ठेवू नये, तर ती कोणी करावी? वाडीची जुनी इमारत लवकरच उतरवली जाणार, हे सर्व सभासदांस विदित आहेच. तिच्या जागी जी नवी वास्तू उभी राहील, तिच्यासंबंधीचे दोन प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचे आहेत. नव्या इमारतीत सर्वांच्या उठण्याबसण्याची जागा ठेवावयाची की नाही, हा पहिला. आणि मंडळाच्या वाट्यास येणाऱ्या खोल्या केवळ ज्ञातिबांधवांसच द्याव्यात, हा जुना नियम पुढे चालवावयाचा की नाही, हा दुसरा. या प्रश्नांची उत्तरे मते मोजून मिळतील. परंतु मत देण्यापूर्वी आपण येथे कसे आलो, कसे राहिलो आणि कोणाच्या आधाराने राहिलो, हे एकदा आठवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाडी म्हणजे काय?

'वाडी' हा शब्द आज आपण इमारतींच्या समूहास लावतो. मूळ अर्थ मात्र बागेचा. मलबार टेकडीच्या पायथ्याशी वसलेले गाव म्हणून याचे नाव गिरगाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत किल्ल्याबाहेरच्या या भागात नारळीच्या बागा, फळझाडे आणि भाजीपाल्याचे मळे होते. त्या बागांची स्मृती नावांच्या रूपाने अद्याप टिकून आहे. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे उच्चारताना आपल्यापैकी किती जणांच्या मनात झाड उभे राहते? मुगभाट आणि बोरभाट या नावांतील 'भाट' म्हणजे लागवडीची जमीन, हेही आता सांगावे लागते. काही वाड्यांस मालकांच्या घराण्यांची नावे मिळाली. खोताची वाडी आणि झावबाची वाडी ही त्यांची परिचित उदाहरणे होत. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या काळी या वाड्यांचे रूप झपाट्याने पालटू लागले होते. कापसाच्या तेजीने शहरात पैसा आला, गिरण्या निघाल्या, आगगाडी सुरू झाली, आणि बागेतील माडांपेक्षा बागेतील खोल्यांचे उत्पन्न अधिक, हे जमीनमालकांच्या ध्यानी आले. माड गेले, चाळी आल्या. नाव तेवढे वाडीच राहिले.

विहार तलावाचे पाणी १८६० साली शहरात खेळू लागले, तोपर्यंत येथील माणसे विहिरींवर अवलंबून होती. नळ आल्यावर विहिरी मागे पडल्या. परंतु विहिरीभोवती जमणारा समाज मात्र नळाभोवती जमू लागला. वस्तीचा इतिहास लिहिताना हा नळ विसरून चालणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांची अर्धी भांडणे आणि अर्धी मैत्री त्याच्याच साक्षीने झालेली आहे.

खोली, गॅलरी आणि मोरी

आपले पूर्वज कोकणातून आले ते कुटुंबकबिला घेऊन नव्हे. प्रथम एकटा पुरुष यावयाचा. बंदरावर उतरल्यावर हातात वळकटी, खिशात गावच्या कोणा वडीलधाऱ्याची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीवर एका खोलीचा पत्ता. त्या एका खोलीत सात-आठ जण आधीच असत. रात्रपाळीचा मनुष्य दिवसा निजे, दिवसपाळीचा रात्री, अंथरूण एकच. जेवण खानावळीत. गावाकडे मनीऑर्डर गेल्यावर जे उरेल त्यात महिना काढावयाचा. पुढे नोकरी कायम झाली, की मंडळी येत, आणि वाडीत संसार थाटला जाई.

संसार म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, तिच्या मागे किंवा कोपऱ्यात स्वयंपाकाची जागा व मोरी, वर पोटमाळा, पुढे सर्वांच्या मालकीची आणि कोणाच्याच मालकीची नसलेली लांब गॅलरी. शौचकूप मजल्याच्या टोकाशी, सामायिक. पहाटे चार वाजता नळ येई आणि त्याबरोबर वाडी जागी होई. हंडे-कळशांचा आवाज, स्टोव्हची घरघर, कोणाचे प्रातःस्मरण, कोणाचा खोकला, हे सर्व सर्वांचे असे. घरात बोललेला शब्द तिसऱ्या खोलीत ऐकू जाई. म्हणून माणसे हळू बोलावयास शिकली, आणि ऐकू आलेले न ऐकल्यासारखे करावयासही शिकली. ही दुसरी विद्या अधिक कठीण. आजच्या बंद दारांच्या सदनिकांत तिची गरज उरली नाही, म्हणून ती लोप पावत आहे.

या राहणीचे गोडवे गाण्याचा मोह वृद्धांस होतो. मला तो टाळावयाचा आहे. बाळंतिणीस एकांत नसे. सासुरवाशिणीस रडावयास जागा नसे. क्षयाचा रोगी आणि तान्हे मूल एकाच भिंतीआड असत. विद्यार्थी अभ्यासास गॅलरीतील दिव्याखाली बसत, याचे आपण कौतुक करतो. परंतु घरात बसावयास जागा असती, तर तो दिव्याखाली कशास बसला असता? चाळीने माणसांना एकत्र आणले, ते त्यांच्या इच्छेने नव्हे, जागेच्या टंचाईने. या टंचाईतून त्यांनी शेजारधर्म निर्माण केला, ही त्यांची थोरवी, टंचाईची नव्हे.

प्लेगचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचा रोगी प्रथम ओळखला. त्यानंतरची काही वर्षे मुंबईकरांच्या स्मृतीत कायमची कोरली गेली. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ इतकी भरली. वाढत्या शहराची माणसे घटावी, हे केवळ मृत्यूने झाले नाही. भयाने गाव गाठणाऱ्यांची संख्याही मोठी होती. घरांची झडती, रोग्यास सक्तीने हलविणे, कुटुंबास छावणीत ठेवणे, यांनी लोक गांजून गेले. त्या संकटात निरनिराळ्या ज्ञातींनी व धर्मसमूहांनी आपापल्या लोकांसाठी रुग्णालये व छावण्या उभारल्या. परक्याच्या हातचे पाणी न घेणारा मनुष्य रुग्णालयात जाण्यापेक्षा घरी मरणे पसंत करी. त्यास आपल्या माणसांत उपचार मिळाले, म्हणून तो वाचला. ज्ञातिसंस्थांच्या कार्यास सभा-संमेलनांपलीकडचे सेवेचे जे वळण मिळाले, त्यामागे हा अनुभव मोठा आहे. ही गोष्ट मी अभिमानाने नोंदवितो, कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते तितक्या अभिमानाचे नाही.

प्लेगचे मूळ दाट, अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या वस्तीत आहे, असे सरकारचे मत झाले आणि १८९८ साली मुंबई शहर सुधार ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड तोच, ज्याला आज आपण सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतो. समुद्राकडची हवा शहराच्या पोटात शिरावी, हा त्यामागील विचार. हवा आली खरी. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांच्यासाठी प्रारंभीच्या वर्षांत पुरेशा नव्या खोल्या बांधल्या गेल्या नाहीत, आणि ती माणसे शेजारच्या वाड्यांत अधिकच दाटीने राहू लागली. सुधारणा आखणारा नकाशात रस्ता पाहतो; त्या रस्त्याखाली गेलेला शेजार नकाशात दिसत नाही. आज पुन्हा इमारती पाडावयास निघालेल्या आपण हा धडा ध्यानी ठेवावा.

गॅलरीतील सार्वजनिक जीवन

लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले, त्या १८९३ सालीच गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ मध्ये स्वतः टिळक त्या चाळीत येऊन गेले. उत्सवाचे ठिकाण म्हणून राजवाडा किंवा देवालय न निवडता चाळ निवडली गेली, ही घटना अर्थपूर्ण आहे. चाळीचा चौक हाच सभामंडप आणि तीन मजल्यांच्या गॅलऱ्या हीच प्रेक्षागृहे होत. वक्त्यास ध्वनिवर्धकाची गरज नव्हती, आणि श्रोत्यास घर सोडण्याची नव्हती. ज्या स्त्रियांस सभेस जाण्याची मुभा नव्हती, त्यांनी कठड्यास टेकून स्वराज्यावरील व्याख्याने ऐकली. शांतारामाच्या चाळीत राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या सभा झाल्या, त्याही अशाच.

१८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ. एका खोलीत आठ माणसे राहत असलेल्या समाजाने पुस्तकांसाठी व नाटकांसाठी घरे बांधली, हा योगायोग नव्हे. ज्यास स्वतःच्या घरात पाय पसरावयास जागा नाही, तो सर्वांची मिळून एक जागा निर्माण करतो. पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आमच्या वाडीत त्याची एकच प्रत होती. ती गॅलरीत मोठ्याने वाचली जाई, आणि प्रत्येक जण त्यातील पात्रांत आपला शेजारी शोधी. स्वतःस मात्र कोणी शोधीत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरगाव किती पेटले होते, हे आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून सर्वांनी ऐकले आहेच. पुढे ३१ मार्च १९६४ रोजी शहरातील शेवटची ट्राम धावली, त्या रात्री आमच्या वाडीतील मुलांना निजविण्याचा प्रयत्न कोणी केला नाही.

सहकाराचा मार्ग

मालकाच्या चाळीत भाडेकरू म्हणून राहण्यास पर्याय आहे, हे मुंबईस प्रथम दाखविले ते एका ज्ञातीनेच, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था स्थापिली आणि १९१५ साली त्यांच्याच पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबईतील ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था होय. जमीन सुधार ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने घेतलेली, इमारती संस्थेच्या, आणि राहणारे सभासद हेच भाडेकरू व तेच मालक, अशी ती योजना होती. भाडे मालकाच्या खिशात न जाता संस्थेच्या निधीत जाई. कारकुनी पेशाच्या मध्यमवर्गास स्वच्छ, हवेशीर आणि स्वतंत्र घर मिळू शकते, ही गोष्ट या प्रयोगाने सिद्ध केली. पुढे दादर, माटुंगा, खार अशा भागांत वसाहती झाल्या. शौचकूप व स्नानगृह घराच्या आतच असलेला 'ब्लॉक' हळूहळू रूढ झाला. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना असलेल्या घरांनी त्यास प्रथम नाके मुरडली आणि नंतर त्याच्याचसाठी पागडी मोजली.

सरकारनेही कामगारांसाठी खोल्या बांधल्या. १९२० साली विकास खाते निघाले आणि वरळी, नायगाव, शिवडी व आजचा ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्या चाळींनी शंभर वर्षे गिरणगावास आसरा दिला. आता त्यांचाही पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

परंतु ज्ञातीच्या वसाहतींचा इतिहास लिहिताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांची ज्ञाती धनवान व संघटित होती, त्यांस घरे मिळाली. ज्यांस कोणत्याच वाडीचे दार उघडत नव्हते, त्यांनी कोठे जावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत परळ येथील सुधार ट्रस्टच्या चाळीत राहत होते. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या या पुरुषास बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही, आणि त्या अपमानाने ते मुंबईस परतले, ही गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एकाच शहरात एकाच काळी एका ज्ञातीस वसाहत मिळत होती आणि दुसरीस नकार. दोन्हीच्या मुळाशी कारण एकच होते, ते जन्माचे.

इतिवृत्तातील एक ओळ

आता मी स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की न सांगावी, याचा मी पुष्कळ विचार केला.

आमच्या लहानपणी वाडीत शेजारच्या गल्लीतून एक शिक्षिका येत असत. आम्ही सर्व मुले त्यांस नुसते 'बाई' म्हणत असू. त्या बालविधवा होत्या. एका वृद्ध मावशीसह राहत. आमच्या वाडीच्या तळमजल्यावरील मंडळाच्या खोलीत त्या सायंकाळी मुलांना गणित व इंग्रजी शिकवीत. फी ज्यास परवडेल त्याने द्यावी, न परवडेल त्याने त्याविषयी बोलू नये, असा त्यांचा नियम. आमच्या पिढीतील जी मुले शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली, त्यांतील बहुतेक त्यांच्या हाताखालून गेली आहेत. त्यांपैकी काही जण आज या स्मरणिकेचे वाचक आहेत. त्यांस बाईंचा आवाज आठवेल.

१९६१ च्या पावसाळ्यात बाई राहत होत्या त्या इमारतीचा जिना कोसळला. जीवितहानी झाली नाही, परंतु घर सोडावे लागले. त्या वेळी आमच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावरील एक खोली रिकामी झाली होती. बाईंनी ती मागितली. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आम्हा मुलांना वाटले, आता बाई कायमच्या येथे येणार. आम्ही त्यांची पुस्तके वाहून नेण्याच्या पाळ्याही ठरविल्या. पण बाई आल्या नाहीत. उपनगरात कोठेतरी त्यांस जागा मिळाली, एवढे कानी आले. सायंकाळचा वर्ग बंद पडला. मी वडिलांस कारण विचारले. ते म्हणाले, "नियमात बसले नाही, बाळ." आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

गेल्या वर्षी पुनर्विकासाच्या निमित्ताने मंडळाची जुनी दप्तरे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात त्या वर्षाचे इतिवृत्त सापडले. नोंद एका ओळीची आहे : अर्जदार ज्ञातिबाह्य असल्यामुळे अर्ज नामंजूर. खाली पाच सह्या. तिसरी माझ्या वडिलांची.

माझे वडील दुष्ट नव्हते. बाईंविषयी त्यांच्या मनात नितांत आदर होता. माझे इंग्रजी सुधारले म्हणून त्यांनी बाईंच्या घरी स्वतः पेढे नेऊन दिले होते. ज्या पाच जणांनी सह्या केल्या, त्यांच्यापैकी प्रत्येकाची मुले त्या वर्गात बसत होती. नियम त्यांच्या आधीच्या पिढीने केलेला. तोही वाईट हेतूने नव्हे. शहरात आपल्या माणसास कोणी विचारीत नाही, तेव्हा आपली चार भिंतींची जागा आपल्यासाठी राखून ठेवावी, हा त्यामागील विचार. उपाशी मनुष्याने आपली भाकरी झाकून ठेवावी, तसाच तो. परंतु भाकरीची ददात संपल्यावरही झाकण तसेच राहिले, आणि एके दिवशी ज्या हाताने आपल्या मुलांना शिकविले तोच हात आपण दारातून परत पाठविला. ती ओळ वाचल्यापासून माझ्या मनाची शांतता ढळली आहे, हे मी येथे कबूल करतो.

जुन्या इमारती का ढासळल्या?

पहिल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपली इमारत या अवस्थेस का आली, हेही पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरभाड्यांवर नियंत्रण आले आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. त्या कायद्याने लक्षावधी कुटुंबांचे छप्पर वाचविले, हे निर्विवाद. पण भाडे तेच राहिले आणि चुना, लाकूड, मजुरी यांचे दर वाढत गेले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. खोलीचा ताबा बदलताना पागडी मात्र चालू झाली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. तथापि उपकराच्या पैशातून टेकू लागत. नवे आयुष्य लाभत नसे. पुढे अधिक बांधकामाची मुभा देऊन त्या विक्रीतून जुन्या रहिवाशांस विनामूल्य घर, ही योजना आली. तिच्यामुळेच आज गिरगावात वाड्यांच्या जागी मनोरे दिसतात. भुयारी मेट्रोच्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठीही कित्येक जुन्या इमारती उतरवाव्या लागल्या. आपल्या इमारतीच्या तुळयांस वाळवी आहे. मागील पावसाळ्यात गॅलरीचा एक भाग दोरी बांधून बंद करावा लागला. ती उतरवली पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ज्यांना अजूनही मजल्याच्या टोकाशी शौचास जावे लागते, त्या वृद्ध भगिनींस आठवणींच्या नावाने तेथेच राहावयास सांगणे, हा निर्दयपणा होईल.

परंतु मनोऱ्यांत राहावयास गेलेल्या आपल्या आप्तांकडे मी जातो, तेव्हा एक गोष्ट ध्यानी येते. घर मोठे, स्वच्छ, उजेडाचे. दार मात्र बंद. उद्वाहनात माणसे भेटतात आणि मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत राहतात. एका घरी गृहस्थ चार दिवस तापाने पडून होते. समोरच्या दारास ते ठाऊक नव्हते. यात समोरच्यांचा दोष म्हणावा, तर तोही नाही. ठाऊक होण्यासाठी जी जागा लागते, तीच तेथे बांधलेली नाही. आमच्या वाडीत एखाद्याच्या दारापुढे सकाळी दुधाची पिशवी तशीच राहिली, तर नऊ वाजेपर्यंत कोणीतरी कडी वाजवी. माणसे तेव्हा अधिक सज्जन होती, असे मी म्हणणार नाही. गॅलरीतून जाता-येता पिशवी दिसत असे, इतकेच.

दोन विनंत्या

यास्तव माझी पहिली विनंती अशी : नव्या इमारतीच्या आराखड्यात तळमजल्यावर एक मोठी खोली सर्वांसाठी राखावी, आणि प्रत्येक मजल्यावर उद्वाहनापुढे चार माणसे खुर्च्या टाकून बसू शकतील एवढी मोकळी जागा ठेवण्याचा आग्रह धरावा. त्यापायी प्रत्येकाचे काही चौरस फूट कमी झाले, तरी ते वाया गेले असे समजू नये. उद्या तेथे कोणी मुलांना गणित शिकवील.

दुसरी विनंती नियमासंबंधी. अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा उपविधी ग्राह्य मानला, याचा दाखला काही सभासद देतात. दाखला खरा आहे. परंतु कायदा जे करू देतो, ते सर्व आपण केलेच पाहिजे, असे कोठे आहे? शिष्यवृत्ती, वैद्यकीय साहाय्य, वधूवर मेळावे, ही मंडळाची कार्ये ज्ञातीपुरती चालोत. त्यांस माझा विरोध नाही. खोली ही वस्तू निराळी आहे. पावसात छप्पर गेलेल्या माणसास त्याची ज्ञाती विचारणे, हे आपल्या पूर्वजांनी ज्या शहराकडून सोसले, तेच आपण दुसऱ्यास भोगावयास लावणे होय. गरजू ज्ञातिबांधवास प्राधान्य अवश्य असावे. परंतु खोली रिकामी असता आणि अर्जदार सज्जन असता 'ज्ञातिबाह्य' हा एकच शब्द नकारास पुरेसा ठरू नये, एवढा बदल सभेने करावा.

या लेखाने कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. वडिलांच्या सहीविषयी लिहिताना माझेही दुखावले आहे. ते आज असते, तर त्यांनी हा लेख छापण्यास परवानगी दिली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु त्या दिवशी वर्तमानपत्र उघडल्यावर त्यांनी बराच वेळ पान उलटले नव्हते, हे मला स्पष्ट आठवते. इतिवृत्ताची वही मंडळाच्या कपाटात सुरक्षित ठेवली आहे. नव्या वास्तूत तिच्या शेजारी जी नवी वही ठेवली जाईल, तिच्यात आपल्या सह्या कोणत्या ओळीखाली असाव्यात, हे येत्या सभेत आपण सर्वांनी मिळून ठरवावयाचे आहे. वास्तुपुरुष आपणां सर्वांस सद्बुद्धी देवो, ही प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.